धर्माकाकांची पट्टी

धर्मा तांडेल भेटल्यावर कधी राम राम म्हणत नसत. आधी पाणी सांगत. मी पोस्टाचं कुलूप काढून खिळ्याला अडकवतोय न अडकवतोय तोच मागून आवाज यायचा, "काल तेरा फूट चार, मास्तर." मग छत्री कोपऱ्यात, टोपी गुडघ्यावर आणि काका बाकावर. दिवस सुरू करायला माणसाला लागते तेवढी सगळी माहिती आपण दिली, असा त्यांचा चेहरा असायचा.

मी घाटावरचा माणूस. बदली झाली तेव्हा समुद्र एकूण दोनदा पाहिलेला, तोही चौपाटीवरून. बोईसरला उतरून एस.टी.नं शेवटच्या थांब्यावर आलो आणि सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासानं पहिले आठ दिवस नाकाला रुमाल लावून तिकिटं विकली. गाव हसलं माझ्यावर. एकटे काका हसले नाहीत. म्हणाले, "मास्तर, वास तुमालाच येतो. आमाला येत नाय." नवव्या दिवशी मी रुमाल खिशात घातला.

काका मूळचे होडीवरचे तांडेल, म्हणजे सुकाणू त्यांच्या हातात. पुढे दोराच्या झटक्यात उजवा खांदा निकामी झाला आणि ते किनाऱ्यावर राहिले. त्याच सुमाराला मुंबईच्या कुठल्याशा खात्याची माणसं आली. आमच्या खाडीच्या धक्क्यावर, एका दगडी खांबाला त्यांनी लोखंडी कड्यांमध्ये एक लाकडी पट्टी बसवली. उभी, तीन पुरुष उंच, काळ्या-पांढऱ्या फूट-इंचांची. रोज दिवसाच्या भरतीला नि ओहोटीला पाणी कुठल्या आकड्यावर आलं ते वहीत लिहायचं, महिन्याच्या महिन्याला वही पोस्टानं पाठवायची. हे काम काकांना मिळालं. गावानं त्यांचं नाव लगेच पट्टीकाका करून टाकलं. बायका मासळीची टोपली डोक्यावर घेऊन जाता जाता विचारायच्या, "काय पट्टीकाका, दर्या मोठा झाला का?" काका गंभीरपणे सांगायचे, "कालच्यापरीस दोन इंच कमी, बाय."

खांद्यामुळे त्यांचा हात कापायचा. म्हणून वहीची सुवाच्य नक्कल मी करून द्यायचो. पहिली चौदा वर्षं काही न विचारता केली. तेव्हा पुढं जे सांगणार आहे, त्यात माझाही हात आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडे पावसाळ्याआधी होड्या वर ओढून नारळाच्या झापांखाली ठेवतात. नारळी पुनव जवळ आली की त्यांच्या अंगाला चिकटलेली कालवं खरवडायची, तेलपाणी करायचं आणि पुनवेला नारळ वाहून होड्या परत पाण्यात. काकांच्या लेखी पट्टी ही सरकारची होडीच होती. पुनवेआधी आठ दिवस ते कडी सैल करून पट्टी काढून घरी आणत. अंगणात ठेवून खरवडत, तेल पाजत, आकडे पुन्हा रंगवत. लेक सुमन म्हणायची, "माझ्या लग्नात मला एवढी हळद लावली नव्हती बाबांनी." त्या आठ दिवसांत वहीच्या शेऱ्याच्या रकान्यात ते लिहीत, 'पट्टी बाहेर'. मीही दरवर्षी वळणदार अक्षरात तेच लिहायचो. मुंबईहून कोणी कधी काही विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

आणि पुनवेच्या दुपारी, भरती पुरती चढली की काका लहान होडी धक्क्याला लावून पट्टी परत बसवायचे. पहिल्या वर्षी पुनवेचं पाणी जिथं आलं होतं तिथं त्यांनी पट्टीवर लाल रेघ मारली होती. आता पाण्याला ती रेघ लागेपर्यंत पट्टी वर-खाली सरकवायची आणि कडी घट्ट आवळायची. "पुनवेचं पाणी म्हंजे आईचा हात, मास्तर," ते सांगायचे. "दरसाल तिथंच येणार." मला त्यात वावगं काही दिसलं नाही.

नव्वद सालानंतर कधीतरी पेपरात यायला लागलं की पृथ्वी तापतेय, बर्फ वितळतोय, समुद्र चढणार. पेपर माझ्याकडेच यायचा, त्यामुळे भांडणही माझ्याच ओट्यावर चालायचं. एक म्हणे, देवाचा कोप. दुसरा म्हणे, परदेशातल्या लोकांना दुसरा धंदा नाही. तिसऱ्याला किनाऱ्याची वाळू दरसाल खचताना दिसत होती, पण ती उधाणानं की चढत्या समुद्रानं हे त्याला सांगता येईना. काकांना विचारलं तर एकच उत्तर, "बघितलंय तेवढंच सांगणार. बाकी मला ठावं नाय."

एरवी हा वाद ओट्यावरच मिटला असता. पण गावात घरांना जागा उरली नव्हती, आणि मच्छीमार सोसायटीनं दर्याच्या अंगाला, बोंबील वाळवायच्या मैदानापुढं, घरांची एक नवी रांग आखली होती. पहिला तुकडा सुमनच्या नवऱ्याला मिळाला होता. बांधावं की नाही, यावर गावात दोन तट पडले. शेवटी सोसायटीच्या चेअरमननी मुंबईहून एका प्राध्यापकांना शाळेत बोलावलं. म्हणाले, शास्त्र काय म्हणतं ते एकदा ऐकू.

प्राध्यापक सरळ माणूस होता. म्हणाले, "जगात बऱ्याच ठिकाणी समुद्र चढताना दिसतोय. किती नि किती लवकर, यावर अजून वाद आहे. पण तुमच्या खाडीची चौदा वर्षांची वही मी पाहिली. तिच्यात चढ दिसत नाही." शाळा टाळ्यांनी भरून गेली. चेअरमननी काकांना हाताला धरून पुढं नेलं. प्राध्यापकांनी त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, "काका, पट्टी कधी हलली नाही ना?"

"जागच्या जागी हाय, साहेब," काका म्हणाले.

प्राध्यापक लोकांकडे वळले. "हे का विचारलं सांगतो. मुलाची उंची आपण दाराच्या चौकटीवर रेघ मारून बघतो. चौकट हलत नाही, म्हणून मूल वाढलेलं कळतं. पण दर वाढदिवसाला जुनी रेघच उचलून मुलाच्या डोक्याला लावली, तर मूल कधी वाढलेलं दिसेल का?" लोक हसले. मीही हसलो. काकांकडे पाहिलं तर त्यांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि तिची शिवण बोटांनी चाचपत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका बाकावर येऊन बसले आणि त्यांनी पाणी सांगितलं नाही.

मग म्हणाले, "मास्तर, मी दरसाल पोराच्या डोक्यावर रेघ ठेवली नि लिवलं, पोर वाढत नाय."

मला कळायला एक क्षण लागला. मग पुनवेची होडी, लाल रेघ, आवळलेली कडी, सगळं डोळ्यांसमोर आलं, आणि माझ्या सुवाच्य अक्षरातलं 'पट्टी बाहेर' चौदा वेळा. मी काय केलं सांगू? मी उठून दार लोटून घेतलं आणि म्हणालो, "काका, हे कोणाला बोलू नका. चौदा वर्षांची अब्रू आहे." आज लिहितानाही लाज वाटते. पण म्हणालो खरा.

काकांनी उठून दार पुन्हा उघडलं. "माझ्या वहीवर पोरीचा पाया खणायला निघालेत, मास्तर. घ्या कागद."

प्राध्यापकांना पत्र मी लिहिलं, काकांनी सांगितलं तसं. मग ते सोसायटीच्या सभेत गेले. मी मागं उभा होतो. एवढा मोठा तांडेल, ज्याच्या शब्दावर एके काळी होड्या वादळातून वळल्या, तो हात जोडून म्हणाला, "माझी वही चुकीची हाय. दर्या चढत नाय असं तिच्यावरून कोणी म्हणू नका. चढतो असंबी म्हणू नका. मला ठावं नाय. तवर दर्याच्या तोंडाशी घरं नको."

सभेत एकच गलका झाला. चेअरमन म्हणाले, "म्हंजे चौदा वर्षं तुमी खोटं लिवलंत?" कोणी म्हणालं, पट्टी खोटी तर प्राध्यापकही खोटा. आणि बघता बघता त्याचं झालं असं की प्राध्यापक खोटा, तर समुद्र चढण्याची सगळी गोष्टच खोटी. काकांच्या खरेपणानं गाव सावध होण्याऐवजी बेफिकीर झालं. मला ते अजून पचलेलं नाही. आदल्या आठवड्यात ज्या तोंडांनी शास्त्राला टाळ्या दिल्या होत्या, तीच तोंडं आता शास्त्राची टवाळी करत होती, आणि दोन्ही वेळा त्यांना हवं होतं ते एकच, रांगेतली घरं.

सुमन सभेतून तडक बापाच्या घरी आली. "बाबा, आता सांगताय? दगड आणून टाकलेत. सासरी मी काय तोंड दाखवू?" काका म्हणाले, "मला कळलं तवा सांगितलं." ती रडली, भांडली, दोन महिने बोलली नाही. पण घराचं जोतं मात्र तिनं नवऱ्याशी हुज्जत घालून शेजाऱ्यांपेक्षा हातभर उंच घेतलं. लोक विचारायचे, एवढं उंच कशाला. ती म्हणायची, "आमाला पायऱ्या आवडतात."

प्राध्यापकांचं उत्तर आलं. त्यांनी काकांना एका शब्दानंही बोल लावला नव्हता. धक्क्याच्या मागच्या खडकावर छिन्नीनं एक खूण कोरा, पट्टी तिच्या मापानं एकदाच बसवा आणि पुन्हा काढू नका, एवढंच लिहिलं होतं. 'आजपासूनची वही खरी', हे शेवटचं वाक्य काकांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. खडकावरची खूण त्यांनी डाव्या हातानं कोरली, चार दिवस लागले. त्यानंतर कालवं खरवडायची तर ओहोटीला गुडघाभर चिखलात उभं राहून, पट्टी जागच्या जागी ठेवून. सत्तरी ओलांडलेला माणूस. पोरंसोरं धक्क्यावरून विचारायची, "पट्टीकाका, आज खरी हाय ना?" काका वळून बघायचे नाहीत.

पोस्टात मात्र पुन्हा पाणी सांगायला लागले. पण आधीसारखं नाही. आकडा सांगून झाल्यावर थोडं थांबायचे, समोरच्या माणसाला त्यावर काही म्हणायचंय का बघायचे.

दोन वर्षांनी आषाढातल्या अवसेला, भर दुपारी, वारा किनाऱ्यावर चालून आला आणि भरती थांबायलाच तयार होईना. पाणी किनारा ओलांडून रांगेत शिरलं. घराघरातून भांडी, अंथरुणं, सुक्या मासळीच्या गोणी तरंगत बाहेर आल्या. माणसं वाचली, हे नशीब. सुमनच्या घराला पाणी सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत आलं आणि तिथं थबकलं. सगळ्या रांगेची पोरंबाळं तिच्या ओटीवर बसली होती.

तिसऱ्या दिवशी चेअरमन चार माणसं घेऊन काकांकडे आले. मीही होतो. चेअरमन म्हणाले, "काका, आमचं चुकलं. तुमचंच खरं. दर्या चढलाय."

मला वाटलं, आता या माणसाचं सोनं होणार. काका म्हणाले, "मी असं कवा म्हटलं? हे वाऱ्याचं पाणी. असं पाणी माझ्या लहानपणीबी आलेलं."

"मग चढतोय का नाय, ते तरी सांगा."

"ठावं नाय. खरी वही दोन सालाची. एवढ्यावर बोलता येत नाय. घरं मागं घ्यायची तर घ्या, मी तर पयल्यापासून सांगतोय. पण धर्मानं दर्या चढताना बघितला, असं सांगून नको."

ती माणसं गेल्यावर मी चिडलो. म्हणालो, "काका, हो म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? आज ऐकणार होते तुमचं."

त्यांनी टोपी गुडघ्यावरून उचलली, पुन्हा ठेवली. "माझी पोर तिथं ऱ्हाते, मास्तर. आभाळ भरून आलं की माझ्या जिवाला घोर लागतो, जेवण जात नाय. पण घोर वहीत लिवायचा नसतो. एकदा मनाचं लिवलं नि चौदा वर्षं गेली."

त्यानंतर चार पुनवा त्यांनी पाहिल्या. शेवटच्या पावसाळ्यात छातीत कफ धरला, पालघरच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं. मी भेटायला गेलो तेव्हा बोलवत नव्हतं. माझ्याकडे बघून ओठ हलवले. मी कान जवळ नेला. ते आकडा विचारत होते. मला ठाऊक नव्हता. दाराशी उभी असलेली सुमन म्हणाली, "बारा फूट अकरा, बाबा. मी बघून आलेय." त्यांनी डोळे मिटले.

दोन दिवसांनी, दिवस चढता चढता ते गेले. महिन्याच्या शेवटी सुमननं वही आणून दिली. नक्कल करायला मी ती उघडली, आणि खरं सांगतो, ती तारीख कोरी असणार असंच धरून चाललो होतो. त्या दुपारी भरतीच्या वेळेला आम्ही सगळे मसणवटीतून नुकते परतत होतो. घरी सुमन कुठं दिसली नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

तारीख कोरी नव्हती. भरतीचा आकडा होता, ओहोटीचा होता. पाण्याचे थेंब पडून शाई थोडी पसरली होती. आणि शेऱ्याच्या रकान्यात, जिथं मी चौदा वर्षं डोळे मिटून नक्कल केली होती, तिथं सुमनच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'पट्टी जागेवर. खडकाची खूण ताडून पाहिली.'