कोट हजर आहे

समस्त वाचकांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, एका करड्या कोटानं रायपुरातलं एक सरकारी कार्यालय कित्येक वर्षं एकट्यानं सांभाळलं. त्या कोटाच्या आत अधूनमधून माझे भाऊजी असत.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. कार्यालयातले बडे बाबू. सकाळी यायचे, कोट काढायचे, खुर्चीच्या पाठीवर खांदे जुळवून लावायचे, एक बाही टेबलावर टाकायचे आणि नाहीसे व्हायचे. कोणी कागद घेऊन आलं, की दाराशी बसलेला म्हातारा चपराशी मान वर न करता सांगायचा, "बस, अभी-अभी उठे हैं साहब. चाय पीने गए हैं." साहेब तेव्हा ब्राह्मणपाऱ्यातल्या घरी पंख्याखाली घोरत असत. मे महिन्यात कोट कशाला, असं कुणी विचारलं नाही. तो अंगात घालण्यासाठी नव्हताच.

तुम्हीही असे कोट पाहिले असतील. पण हा पुढे गेला. नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, कार्यालयाला गोल फिरणारी खुर्ची आली. तिच्यावर कोट जास्तच कामात दिसायचा. विकास झाला तो एवढाच.

मला हा माणूस आवडत नसे. लपवायचं कशाला? पण पडले आमच्या घरचे जावई. त्यांच्या ताटातला पापड मोडका निघाला, तरी माफी आम्ही मागायची.

एका हिवाळ्यात त्यांच्या पायाचा अंगठा काळा पडला. साखरेचा आजार जुना. चौबे कॉलोनीतल्या डॉक्टरनं पाहिलं आणि ताईला सांगितलं, "मोठ्या सरकारी दवाखान्यात न्या. लवकर गेलात तर अंगठ्यावर भागेल. उशीर केलात तर पाय जाईल."

"भाऊजी, चला," मी म्हणालो.

"सरकारी दवाखान्यात? तिथं कोणी काम करते का?"

हे सरकारी बडे बाबू विचारत होते, मंडळी! मला हसू फुटलं. ताईनं डोळे वटारले म्हणून मी खोकलो.

"चप्पल चावली मले," भाऊजी म्हणाले. "तू काहून एवढा नाचून राहिला?"

तीन दिवस चप्पलच चावत होती. चौथ्या दिवशी मी ऑटो दारात उभा केला आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडलो, "भाऊजी, लोक म्हणून राहिले, साहेब सुईला भेले!"

"कोण म्हणते?" कोट चढला, भाऊजी ऑटोत.

दवाखान्यात पर्चीच्या खिडकीशी आमचा नंबर दुसरा. खिडकीमागची खुर्ची मात्र रिकामी. तिच्या पाठीवर एक तपकिरी स्वेटर. भाऊजी लंगडत पुढे झाले आणि सराफ दागिना पाहतो तसा त्यांनी तो स्वेटर पाहिला.

"खांदे जुळवून लावला. बाही टेबलावर. हा माणूस घरी गेला. आता येत नाही."

"अहो, पाणी प्यायला गेला असेल."

"मले शिकवते? जिंदगी गेली माझी याच्यात."

मागची एक बाई म्हणाली, "आ जाएंगे भैया, इधर ही गए हैं." भाऊजींनी तिच्याकडे फार दयेनं पाहिलं. मग आमच्या बाकावर त्यांनी स्वतःचा कोट लावला, खांदे जुळवले. "मी जरा हवा खाऊन येतो. तू बस."

मी बसलो. वीस वर्षं त्या कोटाची टिंगल करणारा मी, शेजारी बसून त्याची राखण करत होतो! पाचच मिनिटांत खिडकीवाला ओले हात पुसत आला, स्वेटर अंगात घातला आणि आमचा नंबर पुकारला. "पेशंट कहां है?" मी कोटाकडे पाहिलं. चपराशाचं वाक्य माझ्या ओठांवर येता येता राहिलं.

पेशंट घरी पोचला होता. पुढे आठवडाभर कोणी काही म्हटलं, की एकच उत्तर, "मी जाऊन आलो दवाखान्यात. माणूसच नव्हता जागेवर."

मग ताप चढला, बोलणं असंबद्ध झालं, आणि हट्ट करायला भाऊजी शुद्धीवर राहिले नाहीत. त्याच दवाखान्यात नेलं. त्याच खिडकीवाल्यानं धावत पर्ची करून दिली. पाय गुडघ्याखाली काढला. जहर तोवर वर गेलं होतं.

शुद्धीवर आले तेव्हा त्यांनी ताईला विचारलं नाही, मला विचारलं नाही. "कोट कुठं आहे?" मी घरून आणून खाटेजवळच्या स्टुलावर ठेवला.

"असा नाही. खांदे जुळव."

मी जुळवले. वैताग आला होता, तरी नीट जुळवले. नऊ दिवस भाऊजी त्या खाटेवरून हलले नाहीत. कोट आणि माणूस इतका वेळ एका जागी मी तेव्हाच पाहिले.

भाऊजी गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी लोक घरी भेटायला आले. ताईनं कोट बैठकीतल्या खुर्चीच्या पाठीवर लावला होता. म्हातारा चपराशीही आला आणि सवयीनं दाराशीच बसला. तेवढ्यात हातात कागद घेऊन एक माणूस उंबऱ्यात आला. त्याला काही कळलेलं नव्हतं. कार्यालयातून त्याला कोणीतरी घराचा पत्ता दिला होता.

"बड़े बाबू हैं क्या?"

ताईनं पदर तोंडाशी नेला. आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. आणि मान वर न करता चपराशी बोलून गेला,

"बस, अभी-अभी उठे हैं साहब. चाय पीने गए हैं."