चंदनच्या खेळातलं सुतक

माझा भाऊ चंदन चौतीस वर्षांचा घोडा झालाय आणि अजून व्हिडिओ गेम खेळतो. सासरी कुणी विचारलं तर मी सांगते, कॉम्प्युटरचं काम करतो. ते अगदीच खोटं नाही. लोधीपुऱ्यात त्याचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. पण जीव अडकलाय तो पंचवीस वर्षं जुन्या एका गेममध्ये. त्यातली माणसं बोटाएवढी असतात, त्यांचं बोलणं खालच्या चौकटीत लिहून येतं.

त्यात एक नायक असतो. सोबती घेऊन गावोगाव फिरतो, लोकांशी बोलतो, राक्षस मारतो. मध्येच एखादा सोबती मरतो आणि गोष्ट पुढे जाते. चंदनला हेच खुपायचं. "ताई, स्टोरी मस्त आहे, पण लिहिणाऱ्याला माणसं समजलीच नाहीत यार," तो म्हणायचा. सोबती मेला की दुसऱ्या मिनिटाला बाकीचे दुकानात तलवारीचा भाव करतात. ना रडणं, ना दहावं. वेशीवरची म्हातारी पहिल्या दिवशी म्हणते, "आज हवा छान आहे," आणि गाव जळून गेल्यावरही तेच म्हणते. मी हसून म्हटलं, आपल्या गावची, बहादरपूरची म्हातारी असती तर नायकाच्या सात पिढ्यांची चौकशी केल्याशिवाय त्याला पाणी दिलं नसतं. तर या पठ्ठ्याने तेही वहीत लिहून घेतलं!

असले जुने गेम उघडून त्यातले संवाद बदलता येतात म्हणे. जगभर असे वेडे आहेत आणि ते एकमेकांना आपापले बदल दाखवतात. चंदनने तीन वर्षं खपून त्या गेममध्ये चक्क सुतक घातलं. सोबती मेला की दहा दिवस लढाई बंद. दुकानदार माल देत नाही. शेजारीण भाकरी घेऊन येते आणि गेलेल्याची एक आठवण सांगते. कुठल्याशा लांबच्या देशातल्या मुलीने त्याला कळवलं की इथे मी खेळता खेळता रडले. मला त्याचं कौतुक वाटलं, आणि तितकाच संतापही आला. कारण त्याच तीन वर्षांत त्याने आमच्या घरात सुतक पाळू दिलं नव्हतं.

रोहित आमचं शेंडेफळ. तीन वर्षांपूर्वी तापी चढायला लागली तेव्हा तो काठावरची पाण्याची मोटर वर ओढायला गेला. हे दोघांचं काम. एकाने वर दोर धरायचा, दुसऱ्याने खाली उतरायचं. रोहित एकटाच उतरला. दोराला बांधलेली मोटर सापडली, रोहित सापडला नाही. अकरा दिवस होड्या फिरल्या. चंदन तेव्हापासून एकच म्हणतो, "बॉडी मिळाली नाही ना? मग तो येईल."

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची नवी घागर भरतात. वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा ठेवतात, निखाऱ्यावर पुरणपोळीचा घास टाकतात. गेलेला जीव ऐन उन्हाळ्यात तहानेला राहू नये म्हणून हे. आणि ते घरातल्या पुरुषाने करायचं. आमचे वडील, आबा, जाऊन दहा वर्षं झाली, त्यांची घागर चंदन भरतो. गेली तीन वर्षं माय कुंभाराकडून दोन घागरी आणते. दुसरीला चंदन हात लावत नाही.

यंदा आखाजीला मी माहेरी गेले तर मायने मला चुलीपाशीच धरलं. "अर्चना, त्याले समजाव वं. तीन उन्हाळे झाले. माझं पोरगं तहानेलं आहे."

मी तरातरा चंदनच्या खोलीत गेले. सणाच्या दिवशी स्वारी गेम उघडून बसलेली! त्याचं सगळं लिहून झालं होतं, एक प्रसंग सोडून. सोबती नदीत बुडतो तो. सात वेळा लिहिला होता आणि सातही वेळा नायक वेळेवर पोचला होता.

"सगळ्या जगाला सुतक लावतोस," मी ओरडले, "आणि सख्ख्या भावाला पाणी द्यायला तुझे हात मोडले का?"

तो पडद्याकडेच बघत राहिला. "ताई, या गेममध्ये हवं तिथे थांबता येत नाही. सेव्ह पॉइंट लागतो. तिथे पोचलो तरच खेळलेलं जपून राहतं, नाहीतर सगळं पहिल्यापासून."

"मग?"

"त्या दिवशी रोहित दारात आला. म्हणे, दादा चल, पाणी चढून राहिलं. मी म्हटलं, पाच मिनिटं रुक, सेव्ह पॉइंट आला की येतो." त्याने कीबोर्ड बाजूला सारला. "चाळीस मिनिटांनी उठलो मी, ताई. घागर भरली तर तो मेला. आणि तो मेला तर मी मारला."

मागे वळले तर दारात माय, कडेवर रिकामी घागर. तिने सगळं ऐकलं होतं. आता ही त्याला शिव्याशाप देणार, असं वाटून मी मध्ये सरकले. पण ती उंबऱ्यावर मटकन बसली.

"तो थांबला व्हता रे," ती म्हणाली. "ओट्यावर बसून तुझीच वाट पाहत व्हता. मीच म्हटलं त्याले, राहू दे, चंदन दिवसभर दुकानात थकते, खेळू दे त्याले. तुले पोहता येते, तू जाय."

चंदन खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर बसला. ती त्याच्या डोक्यावर हात ठेवेना, तो तिचे पाय धरेना. बाहेर आबांची घागर भरून ठेवलेली होती, निखाऱ्यांवर राख धरायला लागली होती, आणि दोघांपैकी कुणी उठेल असं मला दिसेना.

सासरी दिलेल्या मुलीने माहेरची घागर भरायची नसते, हे मलाही ठाऊक आहे. मी मायच्या हातातून ती घेतली, हौदावर नेऊन काठोकाठ भरली आणि आबांच्या शेजारी आणून ठेवली. निखारे फुंकले. "पी रे रोहित," म्हटलं आणि घास टाकला. मागे मायने टाहो फोडला. तीन वर्षांत ती पहिल्यांदाच अशी रडत होती. चंदन उंबऱ्यापर्यंत आला, पण उंबरा ओलांडला नाही. मी निखाऱ्यावर दुसरा घास टाकला. एका पोळीने रोहितचं कधी भागत नसे.