आक्काच्या मेसमधले उपवास

आक्काइतके उपवास मी कुठल्याच घरात पाहिले नाहीत, आणि उपवासाच्या दिवशी तिच्याइतकी पोटभर जेवणारी बाईही पाहिली नाही. कारण उपवास तिचे नसायचेच, ते मेसचे असायचे. बुधवार आणि रविवार हे आमचे कोंबडीचे वार. आदल्या संध्याकाळी आक्का कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानापर्यंत जायची, पाटीवर खडूनं लिहिलेला दर बघायची आणि परत यायची. दर उतरलेला असला तर दुसऱ्या दिवशी रस्सा व्हायचा. चढलेला असला तर आक्काला कुठलातरी देव आठवायचा.

"उद्या कोंबडी न्हाय रं. जोतिबाचा वार हाय."

"आक्का, उद्या बुधवार. जोतिबाचा रविवार असतो."

"रविवारी बी हाय."

म्हणजे दर आठवडाभर उतरणार नाही, असा तिचा अंदाज असायचा आणि तो सहसा चुकत नसे.

बेळगावात लष्कराच्या कॅम्पच्या कडेला दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी, एवढी ती मेस. आक्का मूळची चिकोडीकडची. नवरा कॅम्पात माळीकाम करायचा. तो गेल्यावर तिनं सैन्यभरतीच्या पोरांना जेवू घालायला सुरुवात केली. खानापूर, चिकोडी, निपाणी, सगळीकडची पोरं तिथं होती. पहाटे धावायचं, दुपारी अकॅडमीत लेखी परीक्षेचा अभ्यास करायचा, आणि मधल्या वेळात आक्काच्या पडवीत मांडी घालून भाकरीची वाट बघायची. मी बोरगावजवळच्या खेड्यातून आलो होतो. उंची भरपूर होती, बाकी विशेष काही नव्हतं. छाती फुगवली की माझ्या बरगड्या दिसत, न फुगवली तरी दिसत. आक्का मला 'काडी' म्हणायची.

अकॅडमीतले सुभेदार सर रिटायर्ड मिलिटरीवाले. प्रोटीन हा त्यांचा आवडता विषय होता. फौजी व्हायचं असेल तर रोज चार अंडी, दोन ग्लास दूध, चिकन आणि जमल्यास पनीर खाल्लं पाहिजे, असं ते फळ्यासमोर छाती काढून सांगत. आम्ही ते जसंच्या तसं आक्काला सांगितलं. तिनं हातातली भाकरी थापून तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि विचारलं, "हे एका माणसाचं सांगितलंय का एका गल्लीचं?"

मटण तर आम्ही यायच्या आधीच मेसमधून गेलं होतं. मसाला तेवढा मागं राहिला होता. सुकं खोबरं, कांदा, लसूण भाजून वाटलेला तो मटणाचा मसाला आक्का अख्ख्या मसुरात घालायची, वर तांबडा तवंग आणायची आणि उपवासाच्या रविवारी पातेलं मधोमध ठेवून सांगायची, "खावा, मटणाचाच हाय." मटणाचा काय, ते सांगायची नाही. वास इतका खरा असायचा, की शेजारचे लोक आक्काकडं रोज मटण शिजतं म्हणून जळायचे. तिनं त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

हुलग्यांबद्दल तिचं मत फार ठाम होतं. एकदा आठवड्यात तिसऱ्यांदा हुलग्याची आमटी बघून कुणीतरी कुरकुरलं. आक्का पळी हातात धरूनच म्हणाली, "घोडं कोंबडी खातंय व्हय रं? हुलगं खातंय. आन् पळतंय कोण? घोडं का कोंबडी?" सगळी धावणारी पोरं होती, ताटं पुढं सरकली. सोयाबीनच्या वड्या मात्र तिनं एकदाच केल्या. स्वतः एक वडी चावून बघितली, बराच वेळ चावली आणि म्हणाली, "उशी खाल्ल्यागत वाटतंय." उरलेल्या वड्या शेजारच्या म्हशीला गेल्या.

बाजारात ती भाव कानडीत विचारायची आणि भांडायची मराठीत. "एष्ट री?" म्हणताना आवाज मऊ असायचा. दुकानदारानं आकडा सांगितला की मराठी सुरू. चिकनवाल्याशी तर तिचं रोजचं वैर होतं. "ह्याच्या काट्यावर रिकामी पिशवी ठिवली तरी पावशेर भरतीया," हे ती त्याच्या तोंडावर, गिऱ्हाइकांसमोर म्हणायची. तोही हसून पिशवी बांधून द्यायचा. एवढं भांडण रोज केल्यावर दुसरं दुकान शोधायला तिला वेळ मिळत नसावा.

खरे वार दोनच होते, मंगळवार आणि शुक्रवार. ते सौंदत्तीच्या देवीचे. त्या दिवशी आक्का पहाटे डोक्यावरून आंघोळ करायची, कपाळाला भंडारा लावायची आणि घरात अंडंसुद्धा शिजायचं नाही. कोंबडी कितीही उतरो, त्या दोन दिवशी ती दुकानाच्या पाटीकडं बघायचीसुद्धा नाही. आक्काच्या कपाळावर भंडारा दिसला, की थट्टा करायची नाही, हे नव्या पोरांना जुनी पोरं शिकवत.

त्या वर्षी थंडी पडली आणि अंडी महागली. कोंबडीला उपवास लावता येत होता, पण धावून आल्यावरचं उकडलेलं अंडं हा मेसचा शब्द होता. आक्कानं शब्द मोडला नाही, अंडं मोडलं. रिळाचा दोरा दोन्ही हातांत ताणून ती उकडलेलं अंडं बरोबर मधोमध कापायची आणि ताटात अर्धं ठेवायची. कुणाच्या अर्ध्यात बलक जास्त आला यावरून पोरं भांडायला लागली की म्हणायची, "देवानं मधी ठेवलाय बलक. मी काय सरकवला न्हाय."

मला मात्र अख्खं मिळायचं. कारण सगळ्यांना माहीत होतं. वयाच्या हिशेबानं येणारी भरती माझी शेवटची होती, धावण्यात मी पहिल्या पाचांत असायचो आणि वजनात दरवेळी बाहेर पडायचो. वडलांनी निपाणीत तंबाखूच्या वखारीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. भरती झाली नाही तर परत येऊन पोती उचलायची. आजोबांनी तेच केलं, वडलांनी तेच केलं, आणि दोघेही खोकत. मला ते नको होतं. हे मी एकदाच आक्काला सांगितलं, तेव्हापासून अख्खं अंडं सुरू झालं. पोरं कुरकुरली तेव्हा ती म्हणाली, "तुमाला पास व्हायचंय. ह्याला आदी काट्याला दिसायचंय."

भरतीला थोडे दिवस राहिले, तेव्हा आक्कानं मला हाताला धरून चिकनच्या दुकानात नेलं. तिथं कोंबड्यांच्या जाळ्या तोलायचा मोठा काटा होता. मी चप्पल काढून त्याच्यावर उभा राहिलो. आजूबाजूला पिसं होती, जाळीतल्या कोंबड्या माझ्याकडं बघत होत्या. दुकानदारानं आकडा वाचला आणि सवयीनं विचारलं, "कट करून देऊ?" आक्कानं त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. भरतीला लागतं त्यापेक्षा माझं वजन किलोभर जास्त भरलं होतं. तिचा चेहरा इतका उजळला, की मला काट्यावरून उतरावंसं वाटेना. दुसऱ्या दिवसापासून माझंही अंडं दोऱ्याखाली गेलं. वाचलेलं अर्धं दुसऱ्या बारीक पोराच्या ताटात पडू लागलं आणि मलाही त्याचं काही वाटलं नाही.

गुरुवारी अकॅडमीत सरांनी सगळ्यांचं वजन घेतलं. मी कमी भरलो. थोडाथोडका नाही, चांगला दीड किलो कमी. भरती सोमवारी होती. मी मेसवर येऊन सांगितलं तेव्हा आक्का भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. त्या काट्यावर रिकामी पिशवी पावशेर भरते, हे सगळ्या गल्लीला ओरडून सांगणारी बाई ती. कोंबडी तोलताना ज्या काट्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, त्याच काट्यावर माझं वजन तिनं खरं धरलं होतं. आणि मीही धरलं होतं, पडवीतल्या सगळ्या पोरांनी धरलं होतं.

ती पिठाच्या हातानंच दुकानात गेली. त्या दिवशी कानडी बोललीच नाही. "कोंबडी जादा दावलीस, सोसलं. पोरगं का जादा दावलंस रं?"

"आक्का," तो बापडा म्हणाला, "काटा सगळ्यांस्नी सारखंच दावतोय."

यावर आक्का रडली. तिला रडताना मी फक्त तेव्हाच पाहिलं. दुकानदार गडबडला, गिऱ्हाईक टाकून बाहेर आला आणि चुकलं म्हणाला.

शुक्रवारी सकाळी तो स्वतः मेसवर आला आणि कोंबडीच्या कलेजी-पेटीची मोठी पिशवी पडवीत ठेवून पैसे न मागता गेला. शुक्रवार होता. आक्काच्या कपाळावर भंडारा होता. पिशवी तशीच परत जाणार, असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं. आक्का थोडा वेळ देवाजवळ बसली. मग तिनं स्टोव्ह उचलून बाहेर अंगणात नेला, घरातलं एकही भांडं न घेता पोरांच्या सामानातलं पातेलं घेतलं आणि कलेजी शिजवायला घेतली. मला अंगणातच बसवलं.

"आक्का, आज शुक्रवार," मी म्हणालो.

"म्हाईत हाय."

"देवी?"

"इचारलं तिला. तुझ्या पोटचा हाय का म्हणाली. न्हाय म्हटलं. मग दुसऱ्याच्या लेकरासाठी कर म्हणाली." तिनं कलेजी माझ्या ताटात वाढली. "खा गप. लई इचारू नको."

मी खाल्लं. ती समोर उभी राहून मी संपवतो की नाही ते बघत होती. मग विहिरीवर जाऊन त्या थंडीत तिनं पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं. शनिवारी, रविवारीही मला तिनं असंच खायला घातलं, आणि सोमवारी पहाटे केळ्यांचा घड हातात दिला. पुढचा मंगळवार तिनं नुसत्या पाण्यावर काढल्याचं मला नंतर पोरांकडून कळलं.

मैदानावर काट्यावर उभा राहिलो तेव्हा पोटात केळी आणि पाणी गच्च होतं. आकडा मागंपुढं झाला आणि जिथं थांबायला हवा होता, बरोबर तिथं थांबला. "आगे चलो," जवान म्हणाला. पुढं नुसतं धावायचं होतं, आणि ते मला येत होतं.

ट्रेनिंग संपवून पहिल्या सुट्टीवर आलो तो घरी जायच्या आधी आक्काकडं गेलो. त्यानंतर तिच्या हातचं जेवण मला मिळालं नाही. पुढच्या सुट्टीपर्यंत गुडघे गेले म्हणून चिकोडीला दिलेल्या मुलीनं तिला तिकडं नेलं होतं, आणि तिथंच ती वारली. पण त्या दिवशी ती खणखणीत होती. मी पगारातून अंड्यांचा अख्खा ट्रे विकत घेऊन गेलो होतो. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, मला वरून खाली बघितलं आणि म्हणाली, "भरलास रं."

रात्री पडवीत झोपलो. सकाळी पोरं धावून आली, ओळीनं बसली. मीही त्यांच्यात बसलो. आक्का माझ्या ट्रेमधली उकडलेली अंडी घेऊन आली आणि प्रत्येकाच्या ताटात अख्खं अख्खं ठेवत गेली. माझ्या ताटात भाकरी आणि आमटी वाढून ती पुढच्या पोराकडं सरकली. मला वाटलं, माझं शेवटी आणणार असेल, कदाचित दोन आणेल. पातेलं रिकामं झालं, तिनं ते पालथं घातलं.

"आक्का, माझं अंडं?"

"तुला कशाला? तुला सरकार घालतंय न्हवं?" तिनं वर बघितलंसुद्धा नाही. "हितलं अंडं भरतीच्या पोरांस्नी."

मला राग आला. अंडी मी आणलेली होती. पोरं खाली मान घालून अंडी सोलत होती. मग मी भाकरी मोडून आमटीत बुडवली. भरतीचं पत्र पोस्टानं आलं होतं, शपथ परेडच्या मैदानावर घेतली होती, वर्दी अंगावर चढून महिने झाले होते. पण मी भरती झालो, वखारीतून कायमचा सुटलो, हे मला त्या बिनअंड्याच्या ताटापुढं बसून कळलं. मी आणखी एक भाकरी मागितली. ती तिनं लगेच वाढली.