वायरतात्यांचा डबा

वायरतात्यांच्या घरी पाहुण्याला पंख्याचा वारा मिळायचा नाही. टेबलफॅन एकच, आणि तो माठाशेजारच्या कॉम्प्युटरकडे तोंड करून फिरायचा. घरातली सगळ्यात गार जागा माठाची, म्हणून 'डबा' तिथं. काकी कुरकुरल्या की तात्या उलट त्यांनाच विचारायचे, "तुला वारा घ्यायला पदर तरी हाय. त्याला काय हाय?"

तात्या वाशिंदच्या एका कारखान्यात वायरमन. तिथल्या ऑफिसनं भंगारात काढलेला कॉम्प्युटर साहेबांना विचारून त्यांनी शहापूरला आमच्या आळीत आणला, त्यात मोठी डिस्क घातली आणि ज्या ज्या घरी कॉम्प्युटर होता तिथवर छपरांवरून वायर ओढली. मग एकाच्या घरचं लग्न, दुसऱ्याचा सिनेमा, सगळं डब्यात. ज्यानं त्यानं आपल्या घरी बसून बघावं. याला होम सर्व्हर म्हणतात हे आम्हाला फार पुढे कळलं. लोडशेडिंगची वेळ झाली की तात्या ओटीवर येऊन शिट्टी मारायचे. शिट्टी झाली की सिनेमा असेल तिथं सोडायचा, कारण डबा नीट बंद व्हायला हवा. एका पावसाळ्यात काकींचा घोसाळ्याचा वेल त्या वायरीवर चढला, तर तात्यांनी तो काढू दिला नाही. म्हणाले, गाणी जातात तशी घोसाळी पण जाऊ देत.

पण तात्यांचा जीव होता धवल्यांत, म्हणजे आमच्याकडे लग्नात बायका म्हणतात त्या गाण्यांत. नव्वदच्या दशकात शहापूर-मुरबाडकडच्या कुठल्याही लग्नात हा माणूस टेपरेकॉर्डर घेऊन हजर. पुढे त्या कॅसेटी डब्यात उतरवताना ते कानाला हेडफोन लावून बसायचे आणि मध्ये मध्ये आलेलं स्वतःचं बोलणं तेवढं कापून टाकायचे. "गाण्यात माझी बडबड कशाला?" काकी म्हणायच्या, असू दे की थोडी. ऐकतील तर ते तात्या कसले!

माझी आई धवलारीण होती, लग्नात धवले सांगायची. मी शाळेत असतानाच ती गेली. मुरबाडला मामाच्या लग्नात तात्यांनी भरलेली एक कॅसेट तेवढी तिच्या आवाजाची उरली होती, आणि तिलाही मामाकडच्या ओलीनं बुरशी धरलेली. तात्यांनी ती उघडली, फीत कापसानं पुसली, दुसऱ्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. "एकदाच चालंल ही," म्हणाले. "उतरली तर उतरली."

त्यांनी उठून पंखा बंद केला, ऐकताना घरघर नको म्हणून. आधी नुसती खरखर आली, आणि मग आई. मी ढसाढसा रडले. कॅसेट संपेपर्यंत तात्या माझ्याकडे न बघता तसेच बसून राहिले. नंतर मी म्हटलं, खरखर तेवढी काढा. तर मान हलवली. "यातलं कायसुदीक कापायचं नाय. आई हाय तुझी."

तात्या गेले ते अचानक, ध्यानीमनी नसताना. दिवसकार्य झाल्यावर काकींनी मला बोलावलं आणि एवढंच विचारलं, "डब्यात ते हायेत का गो? फोटू हाय, पण तो बोलत नाय."

मी घराघराचे फोल्डर उघडून ऐकत गेले. सगळ्यांच्या आया, आत्या, मावश्या होत्या; तात्या कुठेच नव्हते. इतकं सफाईनं स्वतःला कापलं होतं की मला त्यांचा रागच आला. असं कुणी करतं का? काकी दाराशी बसून होत्या. आता यांना नाही कसं सांगायचं, असं मनात घोळत असतानाच मला आईची कॅसेट आठवली.

डब्यात उतरवलेली ती लावली. आईचा धवला संपला, बायका हसल्या, बांगड्या वाजल्या. आणि अगदी जवळून तात्या बोलले, "वयनी, अजून एक सांगा ना. घाई काय हाय?"

काकी उठल्या. त्यांनी पंखा बंद केला, पदर सावरून डब्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "परत लाव."