गाळलेली पेज आणि अण्णाची पोपटी

पेणला आक्काकडे गेलो की ती हमखास म्हणते, "तो एसटीचा किस्सा सांग." एक सांगितला की दुसरा निघतोच, आणि सगळे पोट साफ करण्यावरचे! बायको म्हणते, निदान जेवताना तरी नको. पण जेवायला बसल्याशिवाय आम्ही भावंडं एकत्र येतो कुठे?

सुरुवात मात्र हसण्यासारखी नव्हती. नव्वदीच्या दशकात आमच्या दादाला आतड्याचा कॅन्सर निघाला. उशिरा कळलं, दादा गेला. मुंबईहून महिन्यातून एकदा दुर्बीण घेऊन पेणला येणाऱ्या डॉक्टरांनी आम्हा उरलेल्या तिघांना, मला, आक्काला आणि धाकट्या-थोरल्यांतल्या अण्णाला, समोर बसवलं. सख्ख्या भावंडांनी आतडं तपासून घ्यायलाच हवं, म्हणाले. गाठ लहान असतानाच काढली तर पुढचं सगळं टळतं. "माझे वडील यानंच गेले. तुम्ही थांबू नका." मी आणि आक्कानं मान डोलावली. अण्णानं चपला घातल्या आणि तो रोह्याची एसटी पकडायला गेला.

*

पहिला नंबर माझा. मी रोह्याला कंपनीत. पोट साफ करायचं औषध पाण्यात ढवळून प्यायचं होतं. मी हुशार! म्हटलं, रोह्यात पिऊन एसटीत बसू, असर होईपर्यंत पेण येईल. असर नागोठण्याच्या अलीकडेच झाला. कंडक्टरनं बेल मारली, मी झाडामागे पळालो. थोड्या वेळानं पुन्हा तेच. वडखळच्या अलीकडे ड्रायव्हरनं बेलची वाटही पाहिली नाही. गाडी बाजूला घेतली, आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काका, हितं आडोसा बरा हाय."

*

आक्काचा पापडांचा धंदा. तपासणीच्या आदल्या दिवशी तिला नुसती गाळलेली पेज, आणि समोर बायका पापड लाटतायत. चिडून चिडून ती दवाखान्यात पोचली. इंजेक्शननं अर्धवट गुंगी आली, डॉक्टरांनी नळी आत सरकवायला घेतली, तशी ही झोपेतच खेकसली, "हळू लाट गो, फाटंल!"

डॉक्टर थबकले. मग म्हणाले, "हळूच लाटतोय, आक्का."

आम्ही दोघंही साफ निघालो.

*

राहिला अण्णा. "मला काय झालाय? दोन भाकऱ्या खातो," एवढंच बोलायचा. अरे, दादाही खायचाच की! मला त्याचा राग यायचा आणि भीतीही वाटायची. एक भाऊ गेला होता.

अण्णाचा जीव पोपटीत. दर जानेवारीत शेतावर तो स्वतः मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरून भोवती जाळ करायचा. आक्कानं निरोप धाडला, तपासून घेईपर्यंत तुझ्या पोपटीला आमच्यातलं कोणी येणार नाही. अण्णाचा उलट निरोप आला, शेंगा जून व्हायला लागल्यात. आक्का म्हणाली, होऊ देत.

शेवटी आला. तोंड फुगवून, पण औषध सगळं पिऊन. गुंगीचं इंजेक्शन घेईना, त्याला टीव्हीवर स्वतःचं आतडं बघायचं होतं. पडद्यावर एक छोटी गाठ दिसली.

"वालाला मोड आलाय," अण्णा हळूच म्हणाला.

डॉक्टरांनी तारेचा फास टाकून तो मोड काढला. पुढे तपासात कळलं, अजून काही वर्षांनी दादासारखंच झालं असतं. ते ऐकून मी दवाखान्यातल्या बाकावर बसून ढसाढसा रडलो. अण्णानं विचारलं, "आता पोपटीला येशील ना?"

*

गेलो. डॉक्टरांनाही बोलावलं होतं. मडकं उपडं केलं, वास सुटला. अण्णानं पहिलं ताट स्वतः डॉक्टरांच्या हातात दिलं. त्यांनी शेंग सोलली.

"डॉक्टर, तुमचे वडील यानंच गेले ना?" अण्णानं विचारलं.

"हो."

"मग तुमची तपासणी कधी केलीत?"

डॉक्टर हसले. आम्हाला कुठला वेळ, म्हणाले, बघू पुढच्या वर्षी.

अण्णानं त्यांच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"आक्के, डॉक्टरांना पेज आण. गाळून."