शेगडीवाल्याला टाळ्या

ग्रिसेल्दा पोन्से लॉन्ड्रीत इस्त्री करायची. ब्युनोस आयर्सच्या बाराकास भागातल्या ज्या जुन्या इमारतीत ती भाड्याने राहायची, तिथे तिच्याइतका खणखणीत आवाज कुणाचाच नव्हता. त्यामुळे अंगणात मांस भाजून सगळे जेवायला बसले, की पहिली हाक तिचीच असायची, "शेगडीवाल्याला टाळ्या!" मग हातातलं खाली ठेवून सगळे टाळ्या पिटायचे.

शेगडीवर असायचा घरमालक एवारिस्तो. वर्षातून एकदा भाडेकरूंना स्वतःच्या हाताने भाजून वाढायचा, टाळ्यांनी फुलून जायचा आणि कॉफी आली की नवं भाडं सांगायचा. भरल्या पोटी माणसं कमी भांडतात, हे त्या लबाडाला पक्कं ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी त्याने असंच भाडं दुप्पट केलं. शेजारच्या देलमिराला ते झेपलं नाही. ती लॉजच्या एका ओलसर खोलीत जाऊन राहिली आणि त्याच थंडीत न्यूमोनियाने वारली. भाडं वाढलं त्या दिवशी जेवताना तिनेही तेलकट बोटांनी टाळ्या वाजवल्या होत्या. ग्रिसेल्दाच्या डोळ्यांपुढून ती बोटं हलत नव्हती.

त्यानंतर ती भाडेकरूंच्या संघटनेत शिरली. भाडेवाढीला कायद्याने मर्यादा हवी, म्हणून काम सुटल्यावर दारोदार फिरू लागली. खरं सांगायचं तर कायद्याइतकीच तिला एवारिस्तोची जिरवायची होती.

यंदा त्या कायद्यावर संसदेत मतदान तोंडावर आलं होतं. भागातल्या खासदारबाईंचं मन अजून ठरत नव्हतं. एवारिस्तोने यंदाच्या जेवणाला त्यांनाच बोलावलं.

"हाक जोरात मार हं," तो ग्रिसेल्दाच्या कानाशी म्हणाला. "तुझा भाडेकरार पुढच्या महिन्यात संपतोय. लक्षात आहे ना?"

"आहे की, मालक."

बाई बसल्या. एवारिस्तोने त्यांना फासळीचा मऊ तुकडा वाढला. "बघा बाई, इथं मालक कोण, भाडेकरू कोण? सगळं एकच कुटुंब! कायदा हवा कशाला?"

सगळे जेवले. हाक मात्र आली नाही. एवारिस्तोने निखारे उगाचच सारखे केले, खाकरला, ग्रिसेल्दाकडे पाहिलं. ती पाव चावत होती. तिने सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

शेवटी त्याला राहवलं नाही. "काय हे? शेगडीवाल्याला टाळ्या नाहीत?"

त्या शहरात शेगडीवरचा माणूस स्वतःसाठी टाळ्या मागत नाही. म्हाताऱ्यांनीसुद्धा लाजून माना खाली घातल्या.

ग्रिसेल्दा उठली. "टाळ्या!" एवारिस्तोचा चेहरा उजळला. "देलमिराला!"

अंगण दणाणलं. कुणी थांबेचना.

"देलमिरा कोण?" बाईंनी विचारलं.

"ह्या कुटुंबातलीच होती, बाई. भाडं दुप्पट झालं म्हणून लॉजवर जाऊन मेली. मालक, कॉफी आणू? यंदाचं भाडं सांगायचं असेल ना?"

एवारिस्तो लालबुंद झाला. चिमटा आपटून ओरडला, "तुझा करार संपला! पुढच्या महिन्यात रस्त्यावर दिसशील!"

ग्रिसेल्दा मनापासून हसली. एवढंच तर तिला त्याच्या तोंडून हवं होतं. "पुन्हा सांगा ना, मालक. बाईंना नीट ऐकू आलं नसेल."

बाईंनी ताट बाजूला सारलं. मागे शेगडीवर सॉसेज जळत होते आणि कुणी ते उलटत नव्हतं.

बाईंचं मत कायद्याच्या बाजूने पडलं. ग्रिसेल्दाची खोली मात्र गेली. सामान हातगाडीवर चढवून झाल्यावर ती परत अंगणात आली, थंड शेगडीपाशी उभी राहिली आणि वर मालकाच्या खिडकीकडे बघत एकटीच टाळ्या वाजवू लागली. खिडकी धाडकन बंद झाली, तरी ती थांबली नाही.