एकाच आडनावाची सहा कपाटं

त्या शहरात दगड भिरकावला तर तो त्याच आडनावाच्या माणसाला लागावा. रस्त्याला तेच आडनाव, शाळेला तेच, पाण्याच्या टाकीवरही तेच. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममधली सहा कपाटं तर नुसती याच आडनावाच्या फायलींनी भरलेली. ती सांभाळणारे रेकॉर्डवालेही त्याच आडनावाचे, आणि त्याचा तोरा केवढा! जणू टाकी यांच्या आजोबांनीच बांधली होती.

नियम साधा होता. चिठ्ठीवरचा नंबर बघायचा, नावावर जायचं नाही. नव्या कारकुनाला ते पहिल्याच दिवशी हे दरडावून सांगत. पण खिडकीशी कुणी म्हणालं, "साहेब, मी आपल्याच आडनावाचा," की लोकां सांगे ब्रह्मज्ञान! रांग ताटकळत राही आणि भाऊबंदाची फाइल बिनचिठ्ठीची बाहेर येई.

त्यांच्या बायकोला गाठ आली तेव्हाही तेच झालं. तपासणीचे कागद फायलींत लावायला त्यांच्याच टेबलावर येत. गठ्ठ्यात बायकोचं नाव, आडनाव दिसताच त्यांनी तो कागद ओढला. त्यावर शेरा होता, दोष नाही! नंबर कोण बघतो? घरचंच तर माणूस. त्याखाली त्याच नावाचा आणखी एक कागद होता, तो मात्र वाईट. "बिचारी," असं म्हणून त्यांनी तो त्याच नावाच्या दुसऱ्या बाईच्या फायलीत लावला. घरी जाऊन बायकोला म्हणाले, "सुटलो. आता डॉक्टरांकडे खेटे नकोत."

चार महिन्यांनी ती दुसरी बाई खिडकीशी आली. चेहरा फुललेला.

"साहेब, त्या कागदातलं ऐकून मी हाय खाल्ली होती. इलाज नको म्हणून बहिणीकडे जाऊन बसले. लेकीनं ओढून आणलं, परत तपासलं, तर मला काहीच नाही! तो जुना कागद तेवढा काढून टाका. एकाच आडनावाचे आपण, एवढं कराल ना?"

"करतो की. कुठल्या घरातल्या तुम्ही?" असं म्हणत त्यांनी फाइल उघडली. फायलीवर एक नंबर होता, कागदावर दुसरा. तो दुसरा नंबर त्यांनीच बायकोच्या फायलीवर ठळक शाईने लिहिला होता. त्यांनी दोन्ही नंबर बोट ठेवून पुन्हा वाचले. बाई मात्र हात जोडून म्हणत होती, "आपलं माणूस असलं की बरं असतं."

दुसऱ्या दिवशी ते बायकोला घेऊन डॉक्टरांसमोर बसले. गाठ आता बोटांना सहज लागत होती. डॉक्टर वैतागले.

"चार महिने काय करत होतात?"

बायकोनेच नवऱ्याची बाजू घेतली.

"डॉक्टर, यांना काही बोलू नका. हे इथलेच आहेत. कागद यांनी स्वतः बघितला होता."